ऑर्चर्ड कॉटेजमधली पाचवी खोली

हेझलकूम कॉलेज, सॉमरसेट
मंगळवार, ७ मार्च २००६

ती. सौ. अर्चनावहिनी यांस,

कमलाकरचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण माझ्या खोलीत पलंग आणि कपाट यांच्यामध्ये जी जागा उरते तिच्यात माणसाला पालथं पडता येत नाही, आणि पडलोच तर उठवायला ऑफिसातून कुणाला तरी बोलवावं लागेल. तेव्हा हा उभ्या उभ्या केलेलाच स्वीकारावा. दादाचा गुडघा कसा आहे? ऑपरेशन झालेला छान चालतो आणि न झालेलाच दुखतो, असं तुम्ही म्हणत होता. (त्याला सांगा, मी आता डॉक्टर नाही, विद्यार्थी आहे, माझ्या मताला काडीची किंमत नाही, पण जिने कमी कर.) तुमचं ब्लडप्रेशर ताब्यात असेल आणि ईलिंगच्या मंडळाचं हळदीकुंकू यंदाही कुणाशीही भांडण न होता पार पडलं असेल, अशी आशा करतो. भांडण झालं असल्यास सविस्तर कळवावं.

भावजींनी फोन सोडून पत्र का लिहिलं, असं तुमच्या मनात आलंच असेल. त्याचं असं आहे की फोनवर तुम्ही 'बरे आहात ना?' असं विचारता, मी 'एकदम मस्त' म्हणतो, मग दादा येऊन इकडच्या पावसाची चौकशी करतो आणि फोन संपतो. 'मस्त' म्हणायला अर्धा सेकंद लागतो. तेच कागदावर लिहायचं म्हटलं तर हात मध्येच थांबतो आणि खरंच का, असं विचारतो. म्हणून पत्र.

हे कॉलेज कसलं, हे मी घरात कुणालाच धड सांगितलेलं नाही. सुमन गेल्यावर दीड वर्षाने मी लेस्टरच्या लायब्ररीत वर्तमानपत्र वाचत बसलो होतो (घरी येत होतं तेच वर्तमानपत्र, पण लायब्ररीत शेजारी कुणीतरी खोकतं तरी), तेव्हा तिथे यांचं माहितीपत्रक दिसलं. दोनशे दहा विद्यार्थी, टेकड्यांच्या बेचक्यात एक जुनं दगडी घर, जवळच्या खेड्यात एक पब आणि एक पोस्ट, ब्रिस्टलला जायला दिवसातून दोन बस. इथे तत्त्वज्ञान, इतिहास, चित्रकला आणि कविता हे सगळं एकाच वेळी शिकवतात आणि शेवटी तुम्ही नक्की कशाचे झालात हे कुणी विचारत नाही. दादाने विचारलं होतं. 'म्हणजे दोन वर्षांनी तू होणार काय?' त्रेसष्टाव्या वर्षी हा प्रश्न विचारला गेला याचाच मला इतका आनंद झाला की मी दुसऱ्या दिवशी फॉर्म भरला. तुम्हा सगळ्यांना मात्र टाइमपास म्हणून जातोय असं सांगितलं.

पहिल्या वर्षाचे सगळे मोठ्या घरात राहतात, म्हणजे प्रत्येकाला एकेक खोली, खोलीत हात धुवायचं बेसिन, आणि सात जणांत एक बाथरूम. बत्तीस वर्षं हॉस्पिटलमध्ये लोक माझ्यासाठी रांग लावत होते; आता मी सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून एकोणीस वर्षांच्या पोरांच्या मागे रांगेत उभा असतो, आणि मला सांगायला लाज वाटत नाही की ती दिवसातली माझी सगळ्यात आवडती वेळ आहे. रांगेत सगळं कळतं. कुणाचं प्रेम मोडलं, कुणाचा निबंध राहिला, कुणाच्या पाठीवर गळू झालंय. (मी औषध लिहून देत नाही, नुसतं 'हम्म' म्हणतो. बत्तीस वर्षांत निम्मे पेशंट त्यावरच बरे झाले होते.) स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून एक, पण फ्रिजमधल्या प्रत्येक वस्तूवर मालकाचं नाव. दुधावर नाव, चीजवर नाव, एका मुलीने तर सहाच्या सहा अंड्यांवर पेनने स्वतःचं नाव लिहिलेलं. मी माझ्या डब्यांवर 'सगळ्यांसाठी' असं लिहिलं, तर आठवडाभर त्यांना कुणी हात लावेना, कारण 'सगळे' नावाचा माणूस कोण हे कुणाला ठाऊक नव्हतं. पुढे माझ्या मजल्यावरच्या मेगनने धीर करून एक चकली उचलली, आणि तिथून मी या मजल्याचा 'डॉक्टर के' झालो. मेगन स्वान्सीची, बोलकी, दार न वाजवता हसत आत येणारी. तिचा मित्र टॉम हिअरफर्डचा, सहा फूट दोन इंच, दार वाजवून बाहेरच उभा राहणारा. वहिनी, ही दोन्ही पोरं मला फार आवडतात.

आता मुद्द्यावर येतो. (तुम्ही म्हणाल, तिसऱ्या पानावर!) दुसऱ्या वर्षी मोठं घर सोडावं लागतं. आवारात लहान लहान कॉटेजेस आहेत, प्रत्येकात पाच खोल्या. पाच जणांनी आपापसांत ठरवून एका कागदावर सह्या करायच्या आणि तो कागद मार्चच्या दुसऱ्या शुक्रवारी दुपारी बाराच्या आत मिसेस हॅलेट यांच्याकडे द्यायचा. राहण्याखाण्याची सगळी व्यवस्था या बाई बघतात. कॉलेज कुणाला कुणाबरोबर ठेवत नाही, ज्याने त्याने आपलं बघायचं. ज्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही त्याने बाहेर सोय करावी. आणि बाहेर म्हणजे पब आणि पोस्ट. थोडक्यात, माझं नाव लागलं नाही तर मला जूनमध्ये गाशा गुंडाळून लेस्टरला परत जावं लागेल आणि डिप्लोमा अर्ध्यावर राहील. ही पद्धत मला जानेवारीतच कळली होती. तेव्हापासून मी वाट बघत होतो, की मला कुणी विचारतंय का. कारण आपण होऊन विचारणं म्हणजे जेवायच्या वेळी लोकांच्या घरी जाऊन पानावर बसण्यासारखं.

आणि वहिनी, विचारलं! मागच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी भांडी घासत होतो. मेगन चहाचा कप घेऊन आली आणि म्हणाली, "डॉक्टर के, वुई आर फोर फॉर ऑर्चर्ड. वुड यू लाइक टु बी आवर फिफ्थ?" ऑर्चर्ड म्हणजे सफरचंदाच्या झाडांपलीकडचं कॉटेज. ती, टॉम आणि हॉकी खेळणाऱ्या दोन मुली असे चौघं झालेले, पाचवा मी. मीच का, असंही तिने सांगितलं: या मजल्यावर तवे घासून ठेवणारा मी एकटाच आहे, आणि मी असलो की हॉकीवाल्या एकमेकींवर ओरडत नाहीत. वहिनी, माझ्या छातीत असं काही झालं की पेशंटने वर्णन केलं असतं तर मी लगेच ईसीजी काढला असता. मला इतकं हवं होतं ते. आणि मी काय म्हणालो? मी हात पुसले, मान हलवली आणि म्हणालो, नो नो, तुम्ही तरुण मंडळी, तुमच्यात माझ्यासारखा म्हातारा कशाला, उगीच तुमची अडचण, प्लीज डोन्ट ट्रबल.

तुम्हाला यात काही वावगं दिसणार नाही, मलाही दिसलं नाही. पहिलं 'नको' हे काही उत्तर नसतं, ते नुसतं दार उघडणं असतं. दुसरं 'नको' समोरचा मनापासून विचारतोय का हे बघायला. तिसऱ्या वेळी मान वाकडी करून 'बरं, अगदी थोडंसं' म्हणायचं. हे मी तुमच्याच पंगतीत शिकलो. ईलिंगच्या त्या टेबलापाशी पोळी हातात धरून 'भावजी, अर्ध्या पोळीला काय होतंय, कम ऑन, ऑफिसचा डबा नाहीये हा!' असं म्हणत तुम्ही उभ्या राहता, तेव्हा तुम्हाला 'हो' असं पहिल्या झटक्यात म्हणणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. तसा कुणी निघाला तर आपण सगळे त्याच्याकडे बघत राहू. तर मी पहिलं 'नको' म्हणून दुसऱ्या विचारण्याची वाट बघत उभा राहिलो. मेगनचा चेहरा पडला. ती म्हणाली, ओह, ऑफ कोर्स, सॉरी, तुम्हाला अवघड परिस्थितीत टाकायचं नव्हतं. मग तिने कप धुतला, पुसला, जागेवर ठेवला आणि ती गेली. मी हातात तवा धरून तसाच उभा. मला वाटलं, जिन्यापर्यंत जाऊन परत येईल.

इतकी वर्षं या देशात काढून तुला हे कळलं नाही का, असं दादा नक्की विचारेल. खरं सांगतो, नाही कळलं. हॉस्पिटलमध्ये विचारायचो मी आणि 'नको' म्हणायचे पेशंट. त्यांचं 'नको' मी ऐकूनच घेत नसे, कारण सुई टोचायचीच असायची. हॉस्पिटलबाहेरचं सगळं सुमन बघायची. इंग्रजांची ही रीत वाईट आहे असंही मी म्हणत नाही. माणूस 'नको' म्हणाला की त्याला नको आहे असं समजणं, यात एक आदर आहे. त्या आदरापायी घरी जायची वेळ येते, एवढंच.

तीन दिवस कुणी विचारेना, तेव्हा मी ठरवलं की त्यांना दुसऱ्यांदा विचारायची संधी आपणच निर्माण करावी. गुरुवारी दुपारी मी पोहे केले (लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरच्या आपल्या दुकानांतून आणलेले पोहे, कढीपत्तासुद्धा तिथलाच, खोबरं मात्र पाकिटातलं) आणि मेगनला आणि टॉमला बोलावलं. मेगनला क्लास होता, ती दोन घास खाऊन पळाली. राहिला टॉम. टॉमने एक प्लेट खाल्ली आणि म्हणाला, "दॅट वॉज लव्हली, आय'म फाइन, थँक्स." आता हे त्याचं पहिलं 'नको'. मी वाढलं. त्याने ते संपवलं आणि पुन्हा तेच म्हणाला. हे दुसरं. मी पुन्हा वाढलं. मला काय ठाऊक, की त्याच्या आजीने त्याला पानात काही टाकायचं नाही असं लहानपणापासून दटावलेलं आहे! रिकामी प्लेट मला बघवेना आणि भरलेली त्याला टाकवेना. असे आम्ही दोघंही चांगल्या घरातले असल्यामुळे अख्खं पातेलं संपलं. पाचव्या प्लेटनंतर तो उठला, व्हरांड्यात गेला आणि फरशीवर उताणा झोपला. मी जाऊन त्याचं पोट तपासलं. (मऊ होतं, काळजीचं कारण नव्हतं, पण मोहरीचा वास येत होता.) झोपल्या झोपल्या, छताकडे बघत, त्याने फार शहाणपणाने मला विचारलं: डॉक्टर के, तुम्हाला आम्हाला काही सांगायचं होतं का? आणि मी, त्याच्या पोटावर हात ठेवून म्हणालो, छे छे, काही नाही, सहज.

काल मिसेस हॅलेट यांनी ऑफिसात बोलावलं. त्यांच्यासमोर यादी होती. म्हणाल्या, तुमचं नाव कुठेच दिसत नाही, तुम्ही घरी परत जाताय का? मी म्हणालो, हो, तेच बरं, लेस्टरला माझं मोठं घर आहे, चार बेडरूम्स, मागे बाग. त्या 'लव्हली' म्हणाल्या आणि त्यांनी ते लिहून घेतलं. या लोकांना काही सांगितलं की लिहूनच घेतात. बाहेर आलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण आत्ता एका बाईला आपल्या घराचं वर्णन इतकं सुंदर करून सांगितलं, की कुणालाही वाटेल याला तिथे जायची घाई झालीय.

त्या घराबद्दल तुम्हाला एक सांगतो. माझी सकाळची ड्युटी असायची तेव्हा सुमनने हीटिंगचं टायमर पहाटे साडेपाचचं लावून ठेवलं होतं, म्हणजे मी उठेन तेव्हा घर गरम असेल. मी रिटायर झालो, ती गेली, पण टायमर तसंच आहे. ते बदलायला मला जमतं. चार बटणं आहेत. मी बदलत नाही. पहाटे साडेपाचला पाइप टकटक वाजतात, चारही बेडरूम्स गरम होतात, आणि मी पडून ऐकत राहतो. जेवण मी सिंकपाशी उभ्याने करत होतो, कारण टेबलावर बसलं की समोर खुर्ची येते. हे मी आजवर कुणाला बोललो नाही, कारण फोनवर आपलं सगळं मस्त असतं.

इथे तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या बाई तिशीच्या आहेत, पायात गमबूट घालून वर्गात येतात. त्यांनी पहिल्याच महिन्यात निबंध दिला होता: मला काय हवं आहे? मी दीड हजार शब्द लिहिले. कर्तव्य, समाधान, संयम, सगळं आलं. बाईंनी समासात पेन्सिलने एवढंच लिहिलं, 'छान. पण तुम्हाला काय हवं आहे?' मला राग आला. मग राग उतरल्यावर मी मोजून बघितलं. मेडिकलला जायचं ते अण्णांनी ठरवलं, लेस्टरला राहायचं ते हॉस्पिटलने, पडद्यांचा रंग सुमनने. माझी कशाबद्दलच तक्रार नाही, तिन्ही निर्णय उत्तम ठरले. पण 'हवं' हा शब्द मी स्वतःसाठी शेवटचा कधी वापरला ते मला आठवेना. तो निबंध अजून माझ्याकडेच आहे, दुरुस्त करून द्यायचा राहिलाय.

असो. फार लांबण लावली. सारांश काय, की मी मजेत आहे. एक वर्ष झालं, खूप शिकलो, पोरांमध्ये राहिलो, पुरे झालं. या वयात कॉटेजबिटेज शोभत नाही. जूनमध्ये लेस्टरला परत जाईन, बागेत टोमॅटो लावीन, आणि सवडीने ईलिंगला येऊन तुमच्या हातची पोळी खाईन. माझी मुळीच काळजी करू नये. दादाला नमस्कार.

तुमचा,
कमलाकर

ता. क. वरचा शेवटचा परिच्छेद खरा नाही. खोडणार होतो, पण अक्षर चांगलं आलंय म्हणून ठेवला. खरी गोष्ट अशी, की माझ्या जागी त्यांनी घेतलेली मुलगी परवा दुसऱ्या कॉटेजमध्ये गेली. आज सकाळी न्याहारीच्या वेळी मेगन पुन्हा माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, शेवटचं विचारते, तुमची खात्री आहे ना? म्हणजे दुसऱ्यांदा विचारलं! इंग्रज पोरीने! (ती वेल्श आहे आणि तिला इंग्रज म्हटलेलं चालत नाही, पण ते राहू दे.) आणि वहिनी, माझं तोंड माझ्या आधी बोललं. 'नो नो, क्वाइट शुअर.' तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि ती उठून गेली. तेव्हापासून मी दोनदा तिच्या दाराशी जाऊन आलो. एकदा मीठ मागितलं, एकदा स्टेपलर. आता माझ्याकडे दोन मिठं आहेत आणि स्टेपल करायला एकही कागद नाही. तिसऱ्यांदा ती विचारणार नाही.

दुसरा ता. क. आता हे पत्र का लिहिलं ते. सुमन बरोबर असली की कुठल्याही घरी, कुठल्याही पानावर मी 'नको' म्हणालो, की ती माझ्याकडे न बघताच वाढणाऱ्याला सांगायची, 'त्यांचं ऐकू नका, वाढा.' इतकी वर्षं मी बिनधास्त 'नको' म्हणत आलो ते त्याच भरवशावर, आणि हे मला या आठवड्यात कळलं. आता माझं 'नको' ओळखणाऱ्या तुम्ही एकट्याच उरलात. या दरीत मोबाइल लागत नाही, पण आमच्या मजल्यावर फोन आहे, नंबर पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहिलाय. संध्याकाळी सहा ते सात मेगन तिथेच असते. मी पहिल्या वर्गाचं तिकीट लावतोय, पत्र तुम्हाला उद्या मिळेल. फोन करा आणि तिला सुमनचं तेवढं वाक्य सांगा. इंग्रजीत कसं बसवायचं ते तुम्हीच ठरवा. मी फोनजवळ असलो आणि मला विचारलंत, तर मी 'छे, उगीच कशाला' म्हणेन. तिकडे लक्ष देऊ नका. वहिनी, मला ती खोली हवी आहे. एवढं एक वाक्य लिहायला मला सात पानं लागली, तोंडाने म्हणायला किती दिवस लागतील सांगता येत नाही, आणि कागद शुक्रवारी बाराला जाणार आहे.